त्यांनी ठेवलेली काडी

वालूरच्या आमच्या घरात रोज सकाळी एक आकडा ओरडून सांगितला जाई. सांगणारे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणत असे. ऐकणाऱ्या माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई. मामा परसातून ओरडत, “पंचावन्न!” आणि आत्याबाई चुलीपुढून उत्तर देत, “आईकलं!” दारावर आलेल्या बोहारणीला त्या ज्या सुरात ‘नको’ म्हणत, त्याच सुरात हे ‘आईकलं’ येई. पण ते दिल्याशिवाय सुटका नसे. उत्तर आलं नाही तर मामा तोच आकडा आणखी मोठ्यानं ओरडत, आणि मग गल्लीतले लोक विचारत की मास्तरांकडे लिलाव आहे की काय.

आकडा थंडीचा असे. मामांनी तालुक्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं, तेही त्या काळच्या सरकारी उर्दूतून. घरी मराठीत मोजणाऱ्या पोरांना. पेन्शन झाल्यावर त्यांना असं काही हवं होतं, ज्याला उर्दू-मराठी असा प्रश्नच पडत नाही. ते त्यांना हवामानात सापडलं. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात त्यांनी चार पायांवर उभ्या असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीचं चित्र पाहिलं. पेटीला चारी बाजूंनी तिरप्या पट्ट्या, वारा आत जावा पण ऊन जाऊ नये म्हणून. दार उत्तरेला. आमच्या सुतारानं चित्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “मास्तर, सगळं समजलं. कळस कुठं बसवायचा?” मामा तेव्हा हसले. त्या प्रश्नात पुढचं सगळं होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पेटीत मुंबईहून पोस्टाच्या व्ही.पी.नं मागवलेले दोन थर्मामीटर होते. एक उभा, नेहमीचा, त्या क्षणी काय आहे ते सांगणारा. दुसरा आडवा. त्याच्या नळीत पाऱ्याऐवजी स्पिरिट, आणि स्पिरिटात मुंगीएवढी काळी काचेची काडी. रात्री थंडी वाढली की स्पिरिट आखडतं आणि त्या काडीला आपल्यासोबत मागं ओढत नेतं. सकाळी ऊब आली की स्पिरिट काडीला ओलांडून पुढं निघून जातं, काडी मात्र तिथंच राहते. रात्रीची सगळ्यात जास्त थंडी किती होती, ते ती दाखवत बसते. थंडीला ती खाली नेता येते. उबेला वर आणता येत नाही. वर आणायला माणसाचा हात लागतो. मामा रोज सकाळी आकडा वाचत, नळी हलकेच कलती करून काडी पुन्हा स्पिरिटाच्या टोकाशी आणून ठेवत, आणि मग ओरडत.

त्यावरचे अंक जुन्या विलायती मापाचे होते. पाणी गोठायचं ते बत्तिसाला. तेव्हा मी पुढं एक्केचाळीस म्हणेन ते ऐकून आजच्या वाचकानं पंखा लावू नये. आजच्या हिशेबानं ते पाच होतात.

मामांचं बसणं मला अजून दिसतं. पेटीपुढं पाट टाकून, पाठ ताठ, मांडी घालून, डोळे नळीशी आणि श्वास धरलेला. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. सुनेनं घरातलं सोडून परसात काचेकडे बघत बसावं हे गावाला विचित्र वाटे, पण मास्तरांची सून म्हटल्यावर गावानं मला आधीच वाया गेलेली धरलं होतं. “श्वास धर,” मामा म्हणत. “तुझ्या तोंडाची वाफ त्याला कळती.” एकदा आत्याबाईंनी ओलं लुगडं पेटीवर वाळत टाकलं. मामांचा आवाज इतका चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. “काढा ते! त्याला जे लागायलंय ते लागू द्या!”

ते गेले ते पौषाच्या थंडीत. छातीत कफ होता, वय होतं, औषध होतं ते काढ्याचं. आदल्या सकाळीसुद्धा घोंगडी गुंडाळून ते पेटीपुढं बसले, काडी वर घेतली आणि आकडा सांगितला. ओरडायला दम नव्हता, म्हणून दाराशी येऊन सांगितला. आत्याबाई म्हणाल्या, “आईकलं, आईकलं. आता निजा.” त्या रात्री थंडी फार पडली. उजाडायच्या आत मामा गेले.

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसतं करतात, अंगाला भस्म लावतात, तळहातावर लिंग ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीला देतात. घरी त्यांना बसवायला कुणीतरी घाईनं पाट आणला. तो नेमका पेटीपुढचा होता. पाठ ताठ, मांडी घातलेली, श्वास धरलेला. मी इतरांसारखी रडले नाही. मला सारखं वाटत राहिलं की आता आकडा येईल.

काही दिवसांनी मी पेटीचं दार उघडलं. उभा थर्मामीटर दुपारची ऊब दाखवत होता. आडव्यातली काडी त्या रात्रीवरच थांबली होती. एक्केचाळीस. सवयीनं नळी कलती करायला मी हात पुढं केला आणि मागून आवाज आला.

“हात लावू नको. त्यांची ठेवलेली हाय ती.”

“आत्याबाई, त्यांनी ठेवली तेव्हा ती इथं नव्हती. इथवर थंडीनं आणलीय तिला.”

“मंग तर बिलकुल लावू नको. त्याच थंडीनं नेलं त्यास्नी. ऱ्हाऊ दे तिला हितंच. मला दिसू दे रोज.”

म्हणजे एकाच काडीत त्यांनी दोघांना धरून ठेवलं होतं: नवऱ्याचा शेवटचा हात आणि त्याला नेणारी थंडी. मला त्यात विसंगती दिसली. त्यांना दिसली नाही, आणि काडी त्यांची होती.

त्यानंतर त्या रोज सकाळी पेटी उघडत. अंक त्यांना वाचता येत नसत. काडीची जागा त्या ओळखत, तान्ह्याच्या पाठीवरचा तीळ आई ओळखते तशी. पाहत, दार लावत, चुलीशी जात. मग भाकरी थापताथापता एका ठरावीक वेळी त्यांचा हात थांबे. परसात काही वाजलेलं नसे. थोडा वेळ हात पिठात तसाच, मान किंचित कललेली. मग पुन्हा थापणं सुरू. मी पाहिलं नसल्यासारखं करी. माझे यजमान परभणीला नोकरीवर, महिन्या-दोन महिन्यांनी येणार. घरात आम्ही दोघी, आणि त्या थांबलेल्या हाताची ती वेळ.

दिवेलागणीला परसात गेलं की पेटी पांढरी दिसे, कुणी धोतर नेसून उकिडवं बसल्यासारखी. मी पुस्तकं वाचणारी बाई आहे आणि भुतं ही बहुतेक अपचनातून निघतात असं माझं मत आहे. तरी त्या वेळी मी परसात लवकर काम उरकी.

एकदा आत्याबाईंनी विचारलं, “जमिनीत थंडी किती असंल गं?”

मी म्हटलं, “मामा सांगायचे, हिवाळ्यात खाली ऊब असते. म्हणून तर सकाळी विहिरीचं पाणी कोमट लागतं.”

“त्यांनीच सांगितलं व्हतं?”

“हो.”

“मंग खरं असंल,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ हातातलं सूप तसंच धरून बसल्या.

दरम्यान गावानं पेटी ताब्यात घेतली होती. सुरुवात आमचे विधी करणाऱ्या जंगमांनी केली. मामांच्या तिसऱ्या दिवशी घराच्या चौकटींना भस्म लावतालावता परसात चार पायांचं पांढरं काहीतरी दिसलं, तेव्हा त्यांनी त्यालाही तीन पट्टे ओढले. सोमवारी कुणीतरी बेलाचं पान ठेवलं. पुढच्या सोमवारी उदबत्ती आली. दार उत्तरेला का, याचं कारण मामांनी मला सावलीच्या हिशेबानं सांगितलं होतं. गावानं ते कैलासाच्या दिशेनं लावलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर गावाचं कारण लक्षात ठेवायला सोपं होतं. उन्हाळा लागेपर्यंत पोरांना पडसं झालं की बाया त्यांचं डोकं पेटीच्या पायाला लावून नेऊ लागल्या. पडसं आठवड्यात बरं होई, तसं ते एरवीही होतंच. मी आत्याबाईंना म्हटलं, हे थांबवायला हवं. त्या म्हणाल्या, “आत तर हात घालत न्हाईत ना कुनी? मंग कशाला?”

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काडी एक्केचाळिसावर होती. पुन्हा थंडी आली. पण हा हिवाळा मवाळ होता, आणि पौष निम्मा सरला तरी काडीला आणखी खाली ओढील अशी रात्र आली नव्हती.

मग दोन दिवस आभाळ आलं. शेतात ज्वारी दुधात होती, लोक वर बघत होते. बुरबुर झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ घासलेल्या तांब्यासारखं स्वच्छ निघालं. वारा उत्तरेचा सुटला. मामांनी शिकवलेलं मला आठवत होतं: ढग गेले, वारा उत्तरेचा झाला, आणि संध्याकाळी तोही पडला, की थंडीला रान मोकळं. त्याच सकाळी पटवारी धापा टाकत आला.

“वहिनी, साहेब यायलेत! गावात दाखवायला काय हाय म्हून इचारलं. मी म्हनलो, आमच्याकडं हवामानाचं खातं हाय.”

“खातं?”

“आता पेटी म्हनलो असतो तर आले असते का?”

हिवाळ्यात साहेब लोक दौऱ्यावर निघत. तंबू, कनात, तंबूमागं कोंबड्या. आमच्याकडे आधी साहेबांची खुर्ची आली, तीही एका बैलगाडीतून, एकटी. मग दोन चपराशी, मग सरपण कुणी द्यायचं यावर भांडणारी मंडळी, आणि शेवटी साहेब. शेरवानी, तिच्यावर ओव्हरकोट, गळ्याभोवती मफलर, आणि एवढं सगळं असून लाल झालेलं नाक. मी माजघराच्या दारामागं उभी. मी जे बोलेन ते पटवारी मोठ्यानं पुढं पोचवणार, असं ठरलं.

साहेबांनी पेटीत डोकावून उभ्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. “कितना?”

“त्रेसष्ट,” मी म्हटलं; साहेब यायच्या आधीच मी वाचून ठेवलं होतं.

“तिरसठ, हुजूर!” पटवाऱ्यानं एवढ्या थाटात सांगितलं की जणू वसुलीच सांगतोय.

“इतनी ठंड, और बस तिरसठ?”

थंडी वाढली की आकडा उतरतो, हे दारामागून सांगायला मी तोंड उघडलं. तोवर पटवारी म्हणाला, “पुरानी पेटी है, हुजूर.”

मग साहेबांचं लक्ष आडव्या नळीकडे गेलं. ही काय दाखवते? पटवाऱ्यानं माझ्या दाराकडे पाहिलं. मी सांगितलं, रात्रीची थंडी. कधीची? मागच्या हिवाळ्याची. साहेबांना ते पसंत पडलं नाही. सरकारी कारकिर्दीत त्यांनी अनेक जागी अडकलेल्या गोष्टी पाहिल्या असणार, पण दौऱ्यात दुरुस्त करता येईल अशी ही पहिलीच असावी. त्यांनी चपराश्याला खूण केली. “निकालो. झटक के देखो.”

चपराश्यानं हात पुढं केला. आणि आत्याबाई, ज्या परक्या माणसापुढं कधी उंबरा ओलांडत नसत, चार पावलांत पेटीपुढं आडव्या येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर, हात दोन्ही बाजूंना पेटीला लावलेले.

“तेवढी सोडून काय बी घ्या,” त्या म्हणाल्या. “घर घ्या. तिला हात लावू नका.”

पटवाऱ्याच्या तोंडाला पहिल्यांदाच उर्दू सुचेना. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. प्रकरण कुठल्या कुठं गेलं असतं. पण चपराश्यानं आता पहिल्यांदा पेटीकडे नीट पाहिलं: भस्माचे पट्टे, सुकलेला बेल, उदबत्तीची राख. त्यानं हात मागं घेतला, दोन पावलं सरकला आणि चपला काढल्या. ते साहेबांनी पाहिलं. त्या काळी साहेब लोक पटकी आणि दुष्काळ यांना भीत नसत तेवढे एका गोष्टीला भीत: आपल्या दौऱ्यात कुणाच्या देवाधर्माचं काही व्हावं आणि वर त्याचा जवाब द्यावा लागावा. त्यांनी चेहरा नीट केला, पेटीला अर्धवट सलाम केला, “अच्छा इंतजाम है,” असं म्हणाले आणि निघाले. खुर्ची त्यांच्या मागून गेली.

पटवारी जाताजाता मला रागानं म्हणाला, “देव हाय म्हून आधी सांगायचं ना वहिनी! मी उगंच खातं-खातं करायलोय.”

वर्षभर मी त्या बेलाच्या पानांना हसले होते. त्या दिवशी ती मी केरात टाकली नाहीत.

पण आत्याबाई खूश नव्हत्या. त्या आभाळाकडे बघत होत्या. दिवस कलला तसा वारा पडला. मावळतीला उभा थर्मामीटर भराभर उतरत होता. धूर चुलीतून निघून कौलांवरच रेंगाळत होता, आणि लांबच्या रुळांवरची गाडी गावात शिरल्यासारखी ऐकू येत होती.

“आज काडी हलंल का?” त्यांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. पण त्या परसात उभं राहून चुकीचा आकडा सांगायची मला सवय नव्हती. “हलेल असं वाटतंय,” मी म्हटलं.

त्या आत गेल्या आणि मामांची घोंगडी घेऊन आल्या. आजाऱ्याच्या अंगावर घालावी तशी ती पेटीवर घातली, चारी बाजूंनी खोचली. मग निखाऱ्यांची शेगडी आणून पेटीच्या पायांमध्ये ठेवली.

“आत्याबाई, हे खोटं होईल.”

“व्हऊ दे. त्या साहेबाला तू मघा खरं सांगितलंस, त्यानं काय लोनचं घातलं त्याचं?”

“मामा काय म्हणाले असते?”

 शेगडीपाशी बसून त्या घोंगडीची किनार बोटांनी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, “ते काय म्हनले असते ते मला नको सांगू. जल्मभर तेच आईकलंय. तू जा, भाकर टाक.”

सकाळी मला जाग आली ती गारठ्यानं. अंगणातल्या रांजणाला हात लावला तर चटका बसावा तसं झालं. परसातल्या पपईची पानं उकडल्यासारखी काळी पडली होती. पेटी उघडी होती, पांढरी, भस्माच्या पट्ट्यांसकट. शेगडी उपडी केलेली, राख थंड. घोंगडी ओट्यावर होती, घडी घातलेली.

मी ती काढली नव्हती.

आत्याबाई मागून आल्या. त्यांनी आधी घोंगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तू काढलीस?”

“नाही.”

“मी बी न्हाई,” त्या म्हणाल्या.

घोंगडी आडवी दुमडून दोन्ही काठ आत घेतलेली होती. मामा तशी घडी घालत. त्यांच्यासोबत जन्म काढलेल्या आत्याबाईंनाही ती येत असणार, आणि तेवढ्यावर मी आजवर भागवलं आहे. त्यांनी कशावर भागवलं हे मी कधी विचारलं नाही. पण त्या ओट्यावर, त्या सकाळी, आम्ही दोघी घोंगडीला हात न लावता बराच वेळ उभ्या होतो, आणि दोघींनीही मोठ्यानं श्वास घेतला नाही.

मग मी पेटी उघडली.

“गेली?” आत्याबाईंनी विचारलं. त्या बघत नव्हत्या.

“दोन घरं खाली.”

“म्हंजी त्या रातीपेक्षा काल जादा व्हती थंडी?”

“हो.”

“आन् आपन दोघी हावत.”

“आहोत.”

त्या पपईच्या काळ्या पानांकडे बघत राहिल्या. “मंग थंडीनं न्हाई नेलं त्यास्नी,” त्या शेवटी म्हणाल्या. “वरीसभर उगंच तिच्याशी भांडले मी.”

 कफ होता, वय होतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाट होता. मामांना नेल्यापासून तो दारामागं भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्यावर कुणी बसलं नव्हतं. त्यांनी तो पदरानं पुसला आणि पेटीपुढं टाकला.

“ते करायचे तसं कर,” त्या म्हणाल्या, आणि करते की नाही ते बघायला न थांबता चुलीकडे गेल्या.

मी बसले. पाठ ताठ, मांडी घातलेली, श्वास धरलेला. काचेत माझा चेहरा लांबट दिसला आणि क्षणभर तो माझा वाटला नाही. आकडा वाचला. नळी हलकेच कलती केली. वर्षभर कुणी वर न घेतलेली काडी आधी जागची हलेना. मग सुटली, सरकत वर आली आणि स्पिरिटाच्या टोकाशी येऊन थांबली.

“एकोणचाळीस!”

माझा आवाज लहान निघाला. चुलीपुढून काही आलं नाही. भाकरीचा आवाजही थांबला होता. उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे त्या घरात ठरलेलं होतं. मी छाती भरून घेतली आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “एकोणचाळीस!”

आत भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग,

“आईकलं!” आणि लगेच, “एवढं वरडायला मी काय भैरी हाय? ये आत, इस्तू इझायलाय.”